दोन कुऱ्हाडीवाला जावई

आपण खरोखरच जन्माला आलो आहोत, की चार लोकांनी मिळून आपली तशी समजूत करून दिली आहे, हेही एकदा तपासून घ्यावं असं वाटणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या वऱ्हाडात साडूला साडभाऊ म्हणतात. दोन बहिणी दोन घरी दिल्या की दोन परके पुरुष उगाचच भाऊ होऊन बसतात. थोरली त्यांना दिली, धाकटी मला. आता आमच्या दोघांच्याही डोक्यावर केस म्हणण्यासारखे उरले नाहीत, पण मी त्यांचा साडू आहे यावर त्यांचा पुरता विश्वास बसला आहे असं मला अजूनही छातीठोकपणे सांगता येणार नाही. माझ्या लग्नात पत्रिका जुळली, मुहूर्त निघाला, मांडव पडला, आणि ऐन हळदीच्या दिवशी या गृहस्थांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं की तुमची जन्मवेळ ज्या घड्याळावर पाहिली ते घड्याळ कुणाच्या घरचं होतं. मी हळद लागलेल्या अंगानं आईला विचारून आलो. घड्याळ पोलीसपाटलाचं होतं. त्यावर ते म्हणाले, मग ठीक आहे, आणि तरी पोलीसपाटलाच्या घरी चौकशी करून आलेच.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात माझं चष्म्याचं दुकान आहे. सगळा तालुका माझ्याकडून चष्मे नेतो. साडभाऊ फक्त तपासणी करून घेतात. खुर्चीत बसतात, एक डोळा झाकतात, भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचतात, दुसरा डोळा झाकून पुन्हा वाचतात, आणि मग माझ्याकडे वळून म्हणतात की मागच्या वेळी तिसऱ्या ओळीत ‘ग’ होता, आता ‘म’ कसा झाला. मी सांगतो, तेव्हाही ‘म’च होता, म्हणून तर चष्मा लागला. ते मान हलवतात. ती मान ‘हो’ची नसते, तुम्ही सापडलात अशी असते. परक्याच्या घरी चहा आला तर यजमानानं पहिला घोट घेतल्याशिवाय कपाला हात लावत नाहीत. एसटीवर ‘वाशीम’ अशी पाटी असली तरी आधी कंडक्टरला विचारतात, मग ड्रायव्हरला, आणि दोघांचं एकच उत्तर आलं की दोघं मिळालेले असावेत म्हणून आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारतात. सोयाबीनचं बियाणं पेरण्याआधी ओल्या पोत्यात दाणे घालून उगवण सगळेच पाहतात; हे शेजाऱ्याच्या बियाण्याची पण पाहतात, त्याला न सांगता.

पण या स्वभावाला खरा बहर यायचा तो लोखंडापाशी. त्यांचं गाव मालेगावहून आत, आणि गावचा बाजार भरतो शनिवारी. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या बाजारात एक लोहार कुऱ्हाडी, विळे, वखराच्या पासा मांडून बसतो आणि शनिवार सोडून इतर दिवशी तो दुसऱ्या गावांत असतो. दुसऱ्या कोणी यातून काहीतरी वाट काढली असती. साडभाऊंना मात्र ही सोयच वाटत आली. वर्षानुवर्षं ते दर शनिवारी लोहारापुढे उकिडवे बसत, एकेक कुऱ्हाड उचलून नखानं टिचकी मारून कानाशी धरत, पात्याची धार आकाशाकडे करून डोळा मिटून पाहत, दांडा बसवायच्या भोकातून पलीकडच्या भाजीवाल्या बाईला न्याहाळत, आणि शेवटी अतिशय खेदानं सांगत की काय करावं, आज शनिवार. लोहार बिचारा इतर गिऱ्हाइकांना चार शब्द जास्त बोलायचा, पण यांना लांबून येताना पाहिलं की तंबाखू मळायला घ्यायचा आणि मळतच राहायचा.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, कारण त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडायला लागलं ते रेणूच्या लग्नाच्या वेळी. रेणू ही त्यांची एकुलती एक मुलगी, शिकून नाशिकला नोकरीला लागलेली. स्थळं चांगली येत होती. एक मुलगा चहा फुंकर न घालता प्यायला, म्हणजे घाई करणारा. एक प्रत्येक वाक्याला हसला, म्हणजे काहीतरी झाकणारा. एकाच्या घरी दाराला दोन कुलपं होती. एवढं काय दडवलंय? रिसोडच्या एका मुलात काहीच खोट सापडेना, तेव्हा साडभाऊ तीन रात्री झोपले नाहीत आणि मग म्हणाले की इतका चांगला माणूस असूच शकत नाही. माझी मेव्हणी या प्रकारानं अर्धी झाली. देवाला नवस बोलली, नवऱ्याशी बोलणं टाकलं, पुन्हा सुरू केलं. आणि रेणू तरी काय पोरगी! दुसरी असती तर परस्पर उरकून मोकळी झाली असती. हिचं एकच म्हणणं, बाबा हो म्हणतील तेव्हाच. बाबा तर आज बुधवार आहे याला हो म्हणायलासुद्धा दोन कॅलेंडरं पाहतात.

अशात रेणूनं स्वतःच एक मुलगा पसंत केला. साताऱ्याकडचा, नाशिकलाच कामाला, तिशी ओलांडलेला. तिनं ते आधी मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. बायकोनं मला सांगितलं आणि साडभाऊंच्या कानावर घालायची कामगिरी माझ्या गळ्यात टाकून ती निवांत झाली. मी गावी गेलो. अंगणात बाजेवर बसून शक्य तितक्या गोड शब्दांत मुलाचं घरदार, शिक्षण, नोकरी सांगितली. ते ऐकत राहिले. मग विचारलं, सुट्टीच्या दिवशी पोरगा काय करते? इथं माझी जीभ अडखळली. कारण तो मुलगा सुट्टीच्या दिवशी पाठीवर तंबू घेऊन डोंगरात जायचा, तिथं चूल मांडून राहायचा, आणि बसल्या बसल्या लाकडाचे चमचे, बैल, पक्षी असं काहीबाही कोरायचा. मी ते जमेल तितकं सभ्य करून सांगितलं. साडभाऊ बाजेवरून उठून उभे राहिले.

“घर असून माणूस बाहीर झोपायले काहून जाते?” ते म्हणाले. “आमी वावरात जागलीले झोपलो, तं डुकरं येत म्हून झोपलो. याचं पीक नाई, डुक्कर नाई, तं हा राखते काय?”

खरं सांगतो, मला स्वतःलाच तो मुलगा जरा संशयास्पद वाटायला लागला. हा या माणसाच्या संगतीचा गुण आहे. तासभर बसलं की आपणही खिसे चाचपायला लागतो. पण मेव्हणी दाराआडून माझ्याकडे अशी पाहत होती की मला माघार घेता येईना. शेवटी साडभाऊंनीच डाव टाकला. म्हणाले, लाकूडतोडीचं एवढं समजते तर येऊ द्या त्याला, आपल्याला कुऱ्हाड घ्यायचीच आहे, तो पाहून देईल. मला सगळं कळलं. कुऱ्हाड हे निमित्त होतं. ज्या बाजारात त्यांनी स्वतः आजवर एक कुऱ्हाड पसंत केली नव्हती, तिथं ते त्या मुलाला नापास करणार होते.

फोन त्यांनी स्वतः केला, माझ्यासमोर. अमुक शनिवारी या म्हणाले, आणि मोठ्या प्रेमानं पुढं सांगितलं की येताना एखादा चांगला तुंबा भेटला तर घेऊन या, आमच्याकडे आता चांगला भेटत नाही. मुलगा हो हो म्हणाला. आता आमच्याकडे तुंबा म्हणजे कुऱ्हाडीचा, कुदळीचा लाकडी दांडा. धावड्याच्या लाकडाचा असला तर जन्मभर मोडत नाही. हे इतकं उघड आहे की जगात कुठं तुंब्याला दुसरा काही अर्थ असेल, हे ना त्यांच्या मनात आलं, ना माझ्या.

त्या शनिवारी सकाळी मी मालेगावच्या स्टँडवर त्याला घ्यायला गेलो. गाडीतून एक उंच, सावळा, कानापर्यंत हसणारा मुलगा उतरला. पाठीवर भलंमोठं गाठोडं, आणि काखेत, बाळाला धरावं तसा, वाळलेल्या भोपळ्याचा एक मोठा तुंबा. आतून कोरलेला, बाहेरून तेल पाजून चकचकीत केलेला, गळ्याला सुताची दोरी. बैरागी पाणी ठेवतात तसला. होणाऱ्या सासऱ्यांनी मागितला म्हणून बिचाऱ्यानं तीन गावं पालथी घालून मिळवला होता आणि चार रात्री घासला होता. मी स्टँडवर उभ्या उभ्या इतका हसलो की एक चहावाला पाणी घेऊन आला. कारण सांगितल्यावर मुलगाही हसला, आणि मग त्याचा चेहरा एकदम उतरला. आता परत कसा नेऊ, म्हणाला.

साडभाऊंनी अंगणात तो तुंबा पाहिला. मुलगा वाकून नमस्कार करत होता, पण यांची नजर भोपळ्यावर. शब्दाचा घोटाळा मी समजावून सांगितला, मुलानंही सांगितला. त्यांनी तुंबा हातात घेतला, हलवून पाहिला, आत डोकावले, वास घेतला, आणि मला गोठ्यामागं घेऊन गेले. “साडभाऊ, हे संन्याशाचं सामान हाय,” म्हणाले. “डोंगरात राह्यते, उघड्यावर झोपते, आता तुंबाही घेऊन आला. लग्न झाल्यावर एक दिवस हा चिमटा घेऊन निंगून जाईन.” मी म्हटलं, अहो, तुम्हीच मागितला. ते म्हणाले, म्या मागतला, पण त्याच्यापाशी भेटला कसा?

मग आम्ही तिघं बाजारात गेलो. लोहारानं आम्हाला पाहिलं आणि तंबाखूची चंची काढली. साडभाऊंनी मुलाला सांगितलं, एक कुऱ्हाड निवडून द्या, तुमच्या डोंगरातही चालली पाहिजे आणि तुमच्या कोरीवकामालाही. मुलगा खाली बसला, सगळा माल नजरेखालून घातला, आणि सरळ म्हणाला की एका कुऱ्हाडीनं दोन्ही होणार नाही, दोन लागतील. डोंगरात सरपण फोडायचं तर दांडा लांब हवा, पातं मागं जाड हवं, म्हणजे लाकूड फाकतं. कोरायची कुऱ्हाड एका हातात पेलली पाहिजे, हलकी हवी, पातं रुंद आणि पातळ, आणि धार एकाच अंगानं लावलेली, म्हणजे लाकडाचा पापुद्रा निघतो. दोन्हीसाठी म्हणून जी विकतात ती कुठलंच काम धड करत नाही. मला तर हे पटलं. मी कौतुकानं साडभाऊंकडे पाहिलं. त्यांनी मला बाहीला धरून गुळाच्या दुकानाआड नेलं आणि कानात सांगितलं, “पाह्यलं ना? आज दोन कुऱ्हाडी पायजेत म्हणते, उद्या दोन बायका पायजेत म्हणन.”

आम्ही परत आलो तर मुलगा कुऱ्हाडी पाहत होता. त्यानं एक उचलली, नखानं टिचकी मारली आणि कानाशी धरली. धार आकाशाकडे करून एक डोळा मिटला. भोकातून पलीकडे पाहिलं. भाजीवाल्या बाईनं पदर सारखा केला. पात्याची पाठ बोटानं चाचपली, टोकाचा वास घेतला, पातं उन्हात फिरवलं, आणि मान हलवून खाली ठेवली. दुसरी घेतली, तीही ठेवली. एक कुऱ्हाड त्यानं तीनदा उचलून तीनदा ठेवली. मी साडभाऊंकडे पाहिलं, लोहारानं साडभाऊंकडे पाहिलं. त्याची तंबाखू मळायची थांबली होती. एका जन्मात असला दुसरा माणूस पाहावा लागेल असं त्याला वाटलं नसावं. शेवटी मुलगा उठला आणि हात झटकून म्हणाला, यातली एकही नको, आणि तसाही आज शनिवार आहे ना. दुसरा कुणी सासरा असता तर त्यानं तिथंच त्याला पोटाशी धरलं असतं. साडभाऊ मात्र भर बाजारात पांढरे पडले. अंगणात आल्यावर मला म्हणाले, पोरीनं याला माझं सगळं शिकवून पाठवलं आहे, हा हुबेहूब माझी नक्कल करून राहिला आहे.

दुपार कलल्यावर सगळे वावरात गेलो. मेव्हणीनं पाहुण्यासाठी रोडगे करायचं ठरवलं होतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे, वांग्याची भाजी, वरण. मुलानं धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, तंबू उभा करून दाखवला. साडभाऊंनी त्याची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली, आत कोणी नाही याची खात्री केली. मग मुलगा घरचीच जुनी कुऱ्हाड मागून घेऊन लिंबाच्या सावलीत एक लाकूड तासत बसला. साडभाऊ त्याच्यासमोर बसले. मी मेव्हणीला गोवऱ्या देत होतो, पण कान तिकडे. ढलपे उडत होते. मेव्हणी रोडगा उलटायचा विसरली, एका अंगानं जळाला. तिला आणि मलाही माहीत होतं की हा मुलगा आज इथून नकार घेऊन गेला तर रेणू पुन्हा कुणाचं नाव काढणार नाही.

शेवटी साडभाऊ बोलले. “कुऱ्हाडीले इतकं पाह्यता. माह्या पोरीले पाह्यलं काय इतकं?”

मुलानं कुऱ्हाड खाली ठेवली. “मी नाही पाहिलं, काका,” तो म्हणाला. “तिनंच मला पाहिलं. मी नसताना माझ्या घरमालकिणीला भेटून आली. गावी आईला फोन करून विचारलं, हा लहानपणी खोटं किती बोलायचा. मी तंबूत खरंच एकटा झोपतो का, ते बघायला एकदा मैत्रिणीला घेऊन डोंगर चढून आली. अजून मी पास झालोय असं म्हणत नाही. सध्या तरी ठीक, म्हणते.”

साडभाऊ पुढं सरकले. आवाज एकदम खाली आला. “तुमच्या मायले जन्मवेळेच्या घड्याळाचं इचारलं काय तिनं? कोनाचं होतं ते?”

“विचारलं,” मुलगा म्हणाला. “शेजाऱ्यांचं होतं. मग शेजाऱ्यांना फोन केला.”

साडभाऊ उठले आणि आमच्याकडे पाठ करून धुऱ्यावर जाऊन उभे राहिले. काय पाहत होते कोण जाणे, समोर कापूस होता आणि पलीकडे दुसऱ्याचा कापूस. परत आले तेव्हा डोळे लाल होते आणि चेहऱ्यावर असा अभिमान, जणू पोर जिल्ह्यात पहिली आली. पानं मांडली होती. ते बसले, आणि रोडगा कुस्करत, वर न पाहता मेव्हणीला म्हणाले, “जवायाले तूप वाढ.” मेव्हणी तूप वाढत राहिली, वाढत राहिली, पोराचं पान भरून बाहेर ओघळ गेला तरी तिचा हात थांबेना. मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली.

लग्न झालं. डोंगरातली कुऱ्हाड लोहाराला सांगून एका सोमवारी करून घेतली, कोरीवकामाची मात्र दोघांच्याही पसंतीला उतरेना, ती राहिली. रेणू नाशिकला गेली. आणि मग साडभाऊंचं काहीतरी बिनसलं. ते माझ्या दुकानात आले, मी दिला तो चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि बरा हाय म्हणून उठले. तक्त्याकडे पाहिलं पण नाही. बाजारात टरबूज घेतलं, विकणाऱ्यानं हाती दिलं ते; आत पांढरं निघालं, तरी खाल्लं. वाशीमला जायचं म्हणून समोर आलेल्या गाडीत बसले आणि रिसोडला जाऊन उतरले. लोहारानं मला गाठून विचारलं, पाव्हण्यांची तब्येत बरी आहे ना, आताशा नुसतेच पुढून निघून जातात. मेव्हणी म्हणाली, मी चहा दिला की सरळ पिऊन टाकतात, मला भीती वाटते.

ज्या माणसाच्या संशयानं मी जन्मभर वैतागलो, त्याचा संशय गेला तर मला आनंद व्हायला हवा होता. मला करमेना झालं. घरात आता असं कुणी उरलं नव्हतं की जिच्यासाठी जगाकडे वाकड्या डोळ्यांनी पाहावं, आणि जी गेली ती त्यांच्यापेक्षा चांगलं पाहत होती. तेवढं एक काम होतं त्यांच्याकडे, ते त्यांनी इतकं चोख केलं की संपूनच गेलं. मला फार वाईट वाटलं. मी रेणूला फोन करून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बघते काका.

आठवडा गेला नसेल, साडभाऊ सकाळीच पिशवी घेऊन दुकानात हजर. रेणूचा फोन आला होता म्हणाले. जावई कोरीवकामाची कुऱ्हाड विकत घेऊन राहिले आहेत, तिथला दुकानदार म्हणतो एकच कुऱ्हाड दोन्ही कामांना चालते, जावयाला तो भला माणूस वाटतो, रेणूला तसं वाटत नाही, म्हणून बाबा तुम्ही येऊन पाहा म्हणते. बोलताना त्यांचा आवाज चढला होता. भला माणूस म्हणे, असं दोनदा म्हणाले. पिशवीत कानस होती, भिंग होतं, मेव्हणीनं दिलेले धपाटे होते. मी दुकान पोरावर टाकून त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. नाशिकची गाडी लागली होती. त्यांनी कंडक्टरला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं, मग आत चढून एका म्हातारीला विचारलं, आणि टायर पाहायला पुन्हा खाली उतरले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं.

“साडभाऊ,” ते हळूच म्हणाले, “तो दुकानदार खरंच असन ना?”

मी म्हटलं, “असन की. नाशकात काय दुकानदाराची कमी हाय.”

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. ती नजर मला चांगली ठाऊक आहे. तिच्यापुढं आजवर माझं एकही खोटं टिकलेलं नाही. मग त्यांनीच नजर काढून घेतली, पिशवी मांडीवर ओढली आणि म्हणाले, असन, असन. गाडी निघाली, आणि पुढं त्यांनी मला काही विचारलं नाही.